फळामावशी आणि दीडशे मतं

वैद्यकीय महाविद्यालयाच्या एक नंबरच्या लेक्चर हॉलमध्ये कुणी कोरड्या डस्टरने फळा पुसलेला मावशींना अजिबात खपत नसे. डस्टर धूळ पुसत नाही, अर्धी इकडची तिकडे करतो आणि उरलेली शिकवणाऱ्याच्या नाकात नेऊन ठेवतो, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांची रीत वेगळी. आधी घट्ट पिळलेला ओला स्पंज, वरून खाली, एकाच दिशेने. मग दोन मिनिटं फळ्याला हात लावायचा नाही. मग जुन्या सुती चादरीचा फडका. एवढं होण्याआधी कुणी खडू टेकवायला गेलं, मग ते प्राध्यापक असोत की खुद्द अधिष्ठाता, मावशी नुसत्या घसा खाकरत. भलेभले हात मागे घेत.

खडूचंही त्यांचं एक शास्त्र होतं. अख्खा खडू किंचाळतो, म्हणून प्रत्येक खडूचं टोक मोडूनच तो खोक्यात जायचा. रंगीत खडू त्या साखरेच्या पाण्यात बुडवून वाळवत. रंग खुलतो आणि भुकटी कमी उडते. लाल धमन्यांना, निळा शिरांना, पिवळा मज्जातंतूंना. एकदा एका नव्या सरांनी घाईघाईत पिवळ्या खडूने शीर काढली, तर मावशींचं त्या दिवशी जेवणात लक्ष लागलं नाही.

हजेरीपटावर त्यांचं नाव अर्थातच वेगळं होतं, पण ते पगारपत्रकाशिवाय कुणाच्या तोंडी येत नसे. पोरांनी त्यांना फळामावशी केलं, मग शिक्षकांनीही. तेवीस वर्षांपूर्वी त्या झाडलोटीला लागल्या तेव्हा शाळेतल्या सात इयत्ता एवढीच त्यांची शिदोरी होती. फळ्याचं काम बघणारे निवृत्त झाले, कुणीतरी म्हणालं, "चार दिवस तेवढं फळ्याचं बघा." ते चार दिवस अजून संपायचे होते.

कामाचं म्हणाल तर लेक्चरच्या आधी दहा मिनिटं आणि नंतर दहा मिनिटं. मधला पाऊण तास त्यांनी बाहेरच्या बाकावर बसून काढला असता तर कुणाची काही हरकत नव्हती. दोन नंबरच्या हॉलची बाई तेच करायची आणि त्या वेळात तिने तीन नातवंडांचे स्वेटर विणले. आमच्या मावशी मात्र शेवटच्या बाकामागे, दाराशी, एका डुगडुगणाऱ्या स्टुलावर बसत आणि ऐकत. तेवीस वर्षं. हृदयाचं लेक्चर त्यांनी तेवीस वेळा ऐकलं होतं, आणि तरी दरवर्षी रक्त फुप्फुसाकडे निघालं की त्या स्टुलावर पुढे सरकत, यंदा वाट चुकतं की काय म्हणून.

घरी नवरा होता. पाण्याचे पंप दुरुस्त करायचा, बोलायला जेमतेम. पहिल्या वर्षी मावशींनी त्याला हृदय समजावून सांगितलं, चार कप्पे, चार झडपा, सगळं. तो नट आवळत होता. सगळं ऐकून म्हणाला, "म्हणजे पाणी उलट येऊ नये म्हणून व्हॉल्व्ह. आणि तो गळायला लागला की आवाज येणार." मावशी बघतच राहिल्या. पोरांना हे कळायला पंधरा दिवस लागतात आणि कानाला नळी लावून तो आवाज ओळखायला दोन वर्षं. तेव्हापासून त्यांच्या घरात रोज संध्याकाळी भाजी निवडताना दुसरं लेक्चर व्हायचं, विद्यार्थी एक, हजेरी शंभर टक्के.

तर असं सगळं आनंदात चाललेलं असताना विभागप्रमुख मॅडम एका परिषदेला जाऊन आल्या.

मोठ्या मॅडम, असंच सगळे त्यांना म्हणत, बाई सरळ होत्या, पण परिषदेहून आल्या की पंधरा दिवस जमिनीवर नसत. या खेपेला त्यांनी भिंतभर स्क्रीन पाहिला होता. एक नंबरच्या हॉलची समोरची भिंत त्यांनी पावलांनी मोजली आणि सांगितलं, तिन्ही फळे काढायचे, इथून तिथपर्यंत स्क्रीन. मात्र मॅडमना पुराव्याशिवाय पाणी पिणंही आवडत नसे. म्हणून आधी पहिल्या वर्षाच्या दीडशे मुलांचं मत घ्यायचं ठरलं. विज्ञानाच्या तासाला त्यांना काय हवं, फळा, स्लाइड्स की दोन्ही? मुलं म्हणतील ते खरं.

ऑफिसातल्या हेडक्लार्कने ही बातमी मावशींना आनंदाची म्हणून दिली. "सुटलात मावशी. फळे गेले की तुम्हाला मागच्या इमारतीत, रेकॉर्ड रूमला टाकणार आहेत. बसून काम. फायली काढायच्या, फायली ठेवायच्या."

"बरं झालं," मावशी म्हणाल्या आणि खडूच्या खोलीत जाऊन बसल्या. ही खोली म्हणजे हॉलच्या पाठीमागचं एक कपाटच, फक्त त्याला खिडकी होती. मावशी घाबरल्या होत्या, सरळ सांगायचं तर. फायलींना त्या भीत नव्हत्या. पण रेकॉर्ड रूममध्ये कुणी हृदय शिकवत नाही. तिथे चोविसावं लेक्चर नव्हतं. ते गेलं तर आपल्या दिवसात काय उरतं, हे त्यांनी मोजून पाहिलं आणि मोजणं लगेच थांबवलं.

सोमवारी फॉर्म वाटले. दहा प्रश्न, पुढे चौकटी, टिक करायची. वाटायला आणि गोळा करायला अर्थात मावशीच.

आता डॉक्टर होऊ घातलेली मुलं ही एक वेगळीच जात आहे. तुम्हाला काय आवडतं, हा प्रश्न त्यांना बारावीनंतर कुणी विचारलेला नसतो. हॉलमध्ये एकदम कुजबुज सुरू झाली. "हे इंटर्नलला धरणार का?" "निगेटिव्ह मार्किंग आहे?" "सातव्याचं उत्तर कुठल्या पुस्तकात आहे?" पहिल्या बाकावर एक मुलगी होती, तिला सगळे मेरिट म्हणत, कारण ती कुठल्याही परीक्षेत पहिलीच यायची. मेरिटने खाली मान घालून चार मिनिटांत फॉर्म भरला. मॅडम स्वतः स्लाइड्सवर शिकवतात, तेव्हा बरोबर उत्तर स्लाइड्स, हे उघड होतं. मग तो फॉर्म दुसऱ्या बाकावर गेला, तिथून तिसऱ्या, आणि पुढच्या वीस मिनिटांत बाक चढत चढत पार मावशींच्या स्टुलापर्यंत येऊन पोचला. मावशींनी तो इतरांबरोबर गठ्ठ्यात घातला. परीक्षेत कॉपी दिसली तर त्या ओरडल्या असत्या. पण आवडीनिवडीची कॉपी होऊ शकते, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

ते आलं टक्केसरांच्या डोक्यात. टक्केसर संख्याशास्त्र शिकवायचे, आणि कशातही किती टक्के हे विचारल्याशिवाय चहाचा कप उचलत नसत. दुसऱ्या दिवशी ते गठ्ठा घेऊन मोठ्या मॅडमच्या खोलीत शिरले. तेव्हा मावशी तिथे फुलदाणीतलं पाणी बदलत होत्या. सरांचे डोळे पाणावले होते, आणि ते हसून की रडून हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

"मॅडम, दीडशेपैकी एकशे सेहेचाळीस फॉर्म तंतोतंत सारखे आहेत. चारजण उशिरा आले होते म्हणून वाचले."

"म्हणजे एकमत आहे," मॅडम खूश झाल्या.

"एकमत कसलं? एकाचं मत आहे. शेवटचा प्रश्न बघा, काही सूचना असल्यास. सगळ्यांनी लिहिलंय, पहिल्या बाकावरचा पंखा कुरकुरतो. शेवटच्या बाकावरच्यांनीसुद्धा. आणि हे वर बघा. लिंग. साठ मुलगे आहेत वर्गात. साठांनी स्त्री लिहिलंय."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. स्त्री तसंच राहिलं.

मावशींना हसू आवरेना. फुलदाणी हातातून सुटते की काय असं झालं. हसता हसता त्यांना एक गोष्ट चटकन कळली: हा सर्व्हे बाद, म्हणजे फळा अजून शाबूत.

"परत घेऊ," टक्केसर म्हणाले. "पण कागद द्यायचाच नाही. एकेकाला बोलावून तोंडी विचारायचं. शिक्षकाने विचारलं तर पोरं मार्कांना भितात. तेव्हा विचारणारं माणूस शिक्षक नको." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. खोलीत शिक्षक नसलेलं माणूस एकच होतं, आणि ते फुलदाणी धरून उभं होतं.

रेकॉर्ड रूमचं टक्केसरांना काहीच ठाऊक नव्हतं. मॅडमना ठाऊक होतं, पण त्यांच्या ते लक्षात आलं नाही. मावशींच्या लक्षात आलं. त्या म्हणाल्या, "विचारते की."

बुधवारी खडूच्या खोलीत मावशी स्टुलावर, समोर खोक्यावर फॉर्मांचा गठ्ठा, आणि दाराबाहेर रांग. पहिला मुलगा आत आला. मावशींनी अगदी सरकारी आवाजात विचारलं, "विज्ञानाच्या तासाला तुला कशाने जास्त समजतं? फळा, स्लाइड्स की दोन्ही?"

पोराने एकदा मावशींकडे पाहिलं, एकदा भिंतीला टेकवून वाळत ठेवलेल्या निळ्या खडूंकडे पाहिलं. "फळा, मावशी. हे काय विचारणं झालं?"

मावशींनी टिक केली. दुसरी आली, तीही फळा म्हणाली. तिसरा म्हणाला, "फळ्यासारखं काही नाही." चौथीने तर फळ्यावर छोटंसं भाषणच केलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सत्तर झाले आणि सत्तरही फळा. मावशींचे पाय जमिनीला लागेनात. त्यांनी डबा उघडला तो तसाच बंद केला. मेरिट आली, तिने आधी विचारलं, "बरोबर काय आहे?" आणि मग मावशींचा चेहरा नीट वाचून "फळा" म्हणाली. शेवटी आला तो आडवा. या मुलाचं नावच आडवा पडलं होतं, कारण शेवटच्या बाकावर तो दर तासाला आडवा असे, मावशींच्या स्टुलापासून हातभर अंतरावर. तो डोळे चोळत म्हणाला, "फळा, मावशी. फळ्यामुळे जाग राहते."

दीडशेपैकी दीडशे. मावशी त्या दिवशी घरी चालत गेल्या नाहीत, जवळजवळ तरंगत गेल्या. वाटेत दोन ओळखीच्या बायकांना त्यांनी उगाचच थांबवून तब्येत विचारली. नवरा ओट्याशी पंपाचा गळका भाग उघडून बसला होता. मावशींनी सगळं सांगितलं, एकेका पोराची नक्कल करून. "अहो, दीडशेच्या दीडशे. एकही इकडचा तिकडे नाही."

तो ऐकत राहिला. मग स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवून म्हणाला, "तो झोपणारा काय म्हणाला?"

"फळ्यामुळे जाग राहते म्हणाला."

नवऱ्याने मान हलवली आणि परत स्क्रू ड्रायव्हर उचलला. पुढे एक अक्षर बोलला नाही. बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.

मावशी भाजी निवडायला बसल्या आणि पानांऐवजी देठंच टोपलीत टाकू लागल्या. आडव्याने वर्षभरात फळा पाहिला होता तो येताना आणि जाताना. भाषण करणारी चौथी मुलगी तर स्लाइड्सचा तास असला की पुढच्या बाकासाठी धावायची. त्यांना टक्केसरांचंच लेक्चर आठवलं, त्यांनी ते तेवीसदा ऐकलं होतं. विचारणाऱ्याचं तोंड बघून लोक उत्तर देतात, सर सांगायचे, आणि मग फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचे: बायस. हा शब्द मावशींनी तेवीस वर्षं स्पंजने पुसला होता. तो असा आपल्याच चेहऱ्यावर लिहिलेला निघेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

"पण कुणाला कळणार आहे?" त्या स्वतःशीच म्हणाल्या, जरा मोठ्याने.

"मला काय विचारतेस?" नवरा म्हणाला.

मावशींना त्याचा मनापासून राग आला. दीडशे कागद त्यांच्याकडे होते, एकेकावर टिक होती, आणि एकही टिक खोटी नव्हती. पोरं जे म्हणाली तेच त्यांनी लिहिलं होतं. गप्प बसायचं, बास. तेवढ्यावर फळा वाचत होता, स्टूल वाचत होतं. पण मग चोविसावं लेक्चर ऐकायला त्या बसणार, समोर सर फळ्यावर हृदय काढणार, आणि ही सगळी पोरं आपल्या भिडेपोटी, आवडत नसलेल्या फळ्याकडे बघत बसलेली असणार. एवढं डोळ्यांपुढे आलं आणि त्यांना लाज वाटली. मग त्यांनी देठं टोपलीतून काढून पानं टाकली.

गुरुवारी सकाळी टक्केसर मॅडमच्या खोलीतच भेटले. मावशींनी गठ्ठा टेबलावर ठेवला.

"दीडशेच्या दीडशे फळा," त्या म्हणाल्या. "आणि हे धरू नका."

"का?" सर म्हणाले.

"पोरं माझ्याकडे बघून बोलली. फळे गेले की मी रेकॉर्ड रूमला जाणार, हे सगळ्या कॉलेजला माहीत आहे. तुम्हाला सोडून. सर, हा बायस आहे."

टक्केसर खुर्चीत बसले. खरं म्हणजे ते खुर्चीत आधीच बसलेले होते, पण परत बसल्यासारखे बसले. तेवीस तुकड्यांना त्यांनी तो शब्द शिकवला होता. परीक्षेत तो हजारोंनी लिहिला होता. आपणहून, स्वतःच्या तोट्यासाठी, तो वापरलेला त्यांनी पहिल्यांदा ऐकला.

मोठ्या मॅडम मात्र कोऱ्या चेहऱ्याने गठ्ठा चाळत होत्या. त्यांनी विचारलं, "आणि मावशी, तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"

मावशींना हे कुणी विचारेल असं वाटलंच नव्हतं. त्यांनी पदराआड जपलेलं काही दाखवावं तशी जरा संकोचून सुरुवात केली, पण एकदा गाडी सुटली आणि थांबेना. "सूक्ष्मदर्शकातलं जे असतं ते स्लाइडवरच दाखवा, मॅडम. फळ्यावर ते काढतात तेव्हा जाळीदार भजं दिसतं. आणि फळ्यावरचं बारीक अक्षर मागून दिसत नाही, मी मागेच बसते. पण हृदय आयतं दाखवू नका. आयतं आलं की पोरांना कळत नाही ते सुरू कुठून करायचं. काढत काढत सांगितलं की त्यांचे हात बरोबरीने चालतात. चुकलं की शिकवणारा पुसतो, तेव्हा तीही पुसतात. आणि दिवे मालवू नका. दिवे मालवले की पहिल्या दहा मिनिटांत निम्मा वर्ग झोपी जातो. मागून मोजलेत मी."

"किती टक्के?" टक्केसरांनी हळूच विचारलं.

"स्लाइड वाचून दाखवणारे सर असले तर साठ. मॅडम असल्या तर..." मावशी थांबल्या.

"सांगा," मॅडम म्हणाल्या.

"चाळीस."

मॅडम हसायला लागल्या. त्यांना असं हसताना मावशींनी कधी पाहिलं नव्हतं, आणि पाहून त्याही हसायला लागल्या, आणि टक्केसर चाळीस, चाळीस असं पुटपुटत वहीत लिहून घेत राहिले.

तिसऱ्यांदा मत घेतलं ते शनिवारी, परीक्षेसारखं. एका बाकावर एकच मूल, फॉर्मवर नाव नाही, समोर टक्केसर, मागे मॅडम, आणि मावशींना हॉलबाहेर काढलेलं. पोरं एकदम खुलली. आता कसं वागायचं हे त्यांना माहीत होतं. एकाने पेन्सिलने समास आखून घेतला, आणि मेरिटने पंधराव्या मिनिटाला हात वर करून पुरवणी मागितली. सूचनांच्या जागेत या वेळी पंखा नव्हता. स्लाइडवर आहे तेच वाचून दाखवू नका, आम्हाला वाचता येतं. स्लाइड पळते, लिहून होत नाही. फळ्यावरचं अक्षर मागून दिसत नाही. दिवे चालू ठेवा. आकृती काढत काढत शिकवली की घरी गेल्यावरही आठवते. एका कागदावर नुसतंच लिहिलं होतं, मला झोप येते त्यात कुणाचा दोष नाही.

मोजणी सोमवारी झाली. मावशी बाहेर बाकावर बसल्या होत्या, दोन नंबरच्या बाईशेजारी, आणि तिच्या लोकरीचा गुंता सोडवायच्या नादात वाढवत होत्या. मॅडम स्वतः बाहेर आल्या.

"दोन्ही हवं म्हणणारे सत्त्याण्णव," त्या म्हणाल्या. "म्हणजे मधला फळा राहतो, बाजूचे दोन जातात, तिथे स्क्रीन येतो. फळा आहे म्हणजे तो पुसणारं माणूसही इथेच लागणार. फक्त प्रोजेक्टर चालू-बंद करायचंही तुम्ही शिकून घ्या. रेकॉर्ड रूमला कुणी दुसरं बघू."

मावशींनी लोकर बाईच्या मांडीवर ठेवली. "आणि नुसत्या स्लाइड्स?"

"पस्तीस."

"नुसता फळा?"

मॅडम जरा घुटमळल्या. दीडशेवरून आकडा कुठे आला होता, हे त्यांनाही कळत होतं. "अठरा," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी मावशी घरी पोचल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती, कारण शेवटचं वळण त्या चक्क धावत आल्या होत्या, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, हातात डबा घेऊन. नवरा दारातच भेटला. त्याला वाटलं काही बरंवाईट झालं.

"अठरा," मावशी म्हणाल्या आणि दाराची चौकट धरून हसत सुटल्या. "अहो, अठरा आहेत. कागदावर नाव नव्हतं, कुणी तोंडावर विचारत नव्हतं, मी तर खोलीतही नव्हते. तरी अठराजणांनी फळाच लिहिलाय."

"मग तुझी बदली?" त्याने विचारलं.

"ती नाही झाली," मावशी म्हणाल्या. ते सांगायचं राहूनच गेलं होतं.